सहा मॉलचे मिस्तरी

“तू पुढं बस,” वहिनी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या. उजव्या कानाशी. “मी मांगं बसते, डब्यायमधी.”

“पाहुण्यांच्या शेजारी मी बसू? गल्लीतले लोक काय म्हणतील?”

“लोकायले दोन दोन कान आहेत, ते काहीबी ऐकतीन आन् काहीबी म्हनतीन. तुले एकच आहे. तो ड्रायव्हरकडे पाहिजे.”

एवढं बोलून त्यांनी मला व्हॅनमध्ये ढकललंच. मागच्या सीटवर ग्रीसचे डबे, साखळीचे तुकडे, हातभर लांबीचा पाना आणि एक जुनी सतरंजी होती. वहिनींनी ठेवणीतली साडी सावरत त्या पसाऱ्यात स्वतःची जागा केली आणि स्टिअरिंगवर बसलेल्या पाहुण्यांना शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत सांगितलं, “आम्हांस काही अडचण नाही. आपण निघावे.”

पाहुणे म्हणजे सुपडू नारायण बऱ्हाटे. उंच, वाळलेला माणूस, वय बावन्न. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, एकुलती मुलगी सुरतला दिलेली. पांढरा शर्ट घातला होता, पण नखांच्या कडेला काळी रेघ होती. लिंबानं घासूनही ती निघालेली नव्हती. हे मला कसं कळलं, तर व्हॅनमध्ये लिंबाचा वास येत होता.

हा आमचा बघण्याचा कार्यक्रम होता. मी त्रेचाळीस वर्षांची, यावलच्या बाजारपेठेत माझं फॉल-पिकोचं दुकान. झांबरे गुरुजी मध्यस्थ. गुरुजींनी दादाला सांगितलं होतं, “माणूस सरळ आहे. सहा मॉलच्या सरकत्या जिन्यांचा ठेका आहे त्याच्याकडे. सहा!” दादानं ते ‘सहा मॉल’ असं ऐकलं आणि पुढचे चार दिवस ‘सहा मॉलवाले पाहुणे’ असंच म्हणत राहिला, जसे काही ते मॉल बऱ्हाट्यांच्या आजोबांनीच बांधले होते. पण पाहुण्यांनी निरोप पाठवला तो भलताच. ‘रविवारी मला सुट्टी नसते. पोहे खायला येऊन बसणं जमणार नाही. मला बघायचं तर कामावर बघा. दिवसभर सोबत फिरा, चोपडा, शिरपूर, शहादा. बाईंनाही घेऊन या. त्यांनी मला बघायला नको का?’

दादाला राग आला. वहिनींना मात्र हे फार आवडलं. यमुनावहिनींनी तोवर एकही मॉल पाहिला नव्हता, आणि इथं एका दिवसात तीन.

आता कानाचं सांगते. नवव्या वर्षी मला गालगुंड झालं. ताप उतरला आणि जाताना डावा कान घेऊन गेला. घराबाहेर हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. माझी दोन स्थळं त्याच कानानं मोडली होती. रावेरच्या पाहुण्यांची आई माझ्या डाव्या अंगाला बसली आणि तिनं तीनदा विचारलं, चहात साखर किती घालता. मी समोर बघत बसले. ‘पोरगी गर्विष्ठ आहे’ असा निरोप आला. दुसऱ्या वेळी दादानं सगळं आधीच सांगून टाकलं, तर ते म्हणाले, पुढं मुलांना व्हायचं. मी तेव्हा एकोणचाळीसची होते आणि मुलगा अठ्ठेचाळीसचा.

म्हणून या वेळी ठरलं होतं, साखरपुडा होईपर्यंत कानाचं नाव काढायचं नाही. वहिनींनी खूणही ठरवली होती. पाहुणे डावीकडून काही बोलले की वहिनी मागून माझा पदर ओढणार. एकदा ओढला तर ‘हो’ म्हणायचं, दोनदा ओढला तर ‘नाही’.

“आणि प्रश्न हो-नाहीचा नसला तर?”

“मंग खोकल्याची उबळ काढ.”

मला लग्नाची घाई नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. ते खोटं होतं. दादाकडे मला काही कमी नव्हतं. पण दिवसभर माझ्या हाताखालून लोकांच्या साड्या जायच्या, कुणाच्या डोहाळजेवणाची, कुणाच्या सुनेची, आणि संध्याकाळी शटर ओढताना त्यातली एक तरी गोष्ट कुणाला तरी सांगावीशी वाटायची. दादा बातम्या बघत असायचा. हे स्थळ जावं, असं मला वाटत नव्हतं. एवढं मी त्या सकाळी स्वतःशी कबूल केलं होतं.

व्हॅन चोपड्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना केळी, उजवीकडे लांबवर सातपुडा.

“तुम्हाला जिन्याची भीती वाटते का?” त्यांनी विचारलं.

“मी कधी चढलेच नाहीये.”

“मग वाटेल. पहिल्यांदा सगळ्यांना वाटते. पायांकडे बघायचं नाही. समोर बघायचं.”

मागून पदर एकदा ओढला गेला. मी वळून बघितलं. “खड्ड्यानं व्हॅन उडाली,” वहिनी ओठ न हलवता म्हणाल्या.

चोपड्याचा मॉल म्हणजे सातपुडा सेंट्रल. बाहेर मोठा फलक, ‘सेलचा शेवटचा दिवस’. उन्हानं तो लालाचा गुलाबी झाला होता, म्हणजे शेवटचा दिवस बरीच वर्षं चालला असावा. खाली चष्म्याचं दुकान, तयार कपड्यांचं एक दुकान. वर स्पर्धा परीक्षेचा क्लास आणि एक रिकामा हॉल. बाकी गाळ्यांना कुलपं. लहान मुलांची खेळण्यातली मोटार प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. पण रविवार होता आणि आजूबाजूच्या खेड्यांतून बाया आल्या होत्या. त्यांना काही घ्यायचं नव्हतं. जिन्यावर बसायला म्हणून त्या आल्या होत्या. त्या ‘बसायला’च म्हणत होत्या, पाळण्यात बसतात तसं.

बऱ्हाट्यांनी आधी जिना रिकामा सोडला. पूर्ण एक फेरा होईपर्यंत मान वाकडी करून ऐकत राहिले. मग खाली पायथ्याशी उभे राहिले आणि एकेकीला वर सोडू लागले. “मावशी, पदर पुढं घ्या. पट्टा धरा. आता पाय ठेवा. खाली बघू नका, तिकडं बघा, तो चष्मा लावलेला बोर्डवरचा माणूस दिसतो ना? त्याच्याकडे बघा.”

“परक्या मानसाकडे कसं पाहू व माय!” म्हणत मावशी वर गेल्या.

मग आमच्या वहिनींची पाळी आली. वहिनींनी जिन्याच्या तोंडाशी चपला काढल्या, नीट बाजूला सारल्या, जिन्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि ‘गजानन, गजानन’ म्हणत चढल्या. अर्ध्यावर जाईपर्यंत गजानन, तिथून पुढं हसणं. वर पोचल्यावर त्यांना कळलं की चपला खाली आणि आपण वर. खाली यायला सरकता जिना नव्हता. या सगळ्या गावांमध्ये वर जाणारा एकच.

मी वर पोचले तेव्हा वहिनी एका पायावर दुसरा पाय ठेवून उभ्या होत्या. तेवढ्यात बऱ्हाटे साध्या पायऱ्यांवरून वर आले. त्यांच्या हातात वहिनींच्या चपला होत्या. त्यांनी त्या वहिनींसमोर जोडीनं ठेवल्या आणि परत वळले.

“अहो! हे आपण काय केले! आपण पाहुणे...”

“रोजचं आहे,” ते जाता जाता म्हणाले. “पहिल्या वर्षी आम्ही टोपलीच ठेवली होती. इतकी चकचकीत फरशी, तिच्यावर चपला घालून कसं चढायचं, असं लोक म्हणायचे.”

ते खाली गेल्यावर वहिनी माझ्याकडे वळल्या. “कोके, मानूस बरा आहे. तू फक्त तोंड सांभाळ. आन् कान.”

शिरपूरला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. अनेर प्लाझात मात्र गारवा होता. मॉल कसला, मोठा रिकामा डेराच. वरच्या सिनेमाच्या दोन्ही पडद्यांना टाळं, कपड्यांच्या दुकानात कपड्यांविना उभे राहिलेले पुतळे, आणि मधल्या चौकावर काचेचं छप्पर. त्या छपरातून ऊन नेमकं बंद पडलेल्या जिन्यावर उतरलं होतं, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर, वरपासून खालपर्यंत, धुतलेल्या लुगड्याची पट्टी अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या.

“अगं बाई,” मी म्हटलं.

वॉचमनची बायको वेणूबाई झाडू टाकून धावत आली. “साहेब, आज येनार म्हून सांगितलं नही! जिना चालू करायचा का? अर्धा तास द्या, उचलते सगळ्या.”

“राहू द्या, राहू द्या. ओल्या आहेत,” बऱ्हाटे म्हणाले. “मी फक्त तेल घालतो.”

वहिनी तर कुरडया बघून मॉल-बिल सगळं विसरल्या. “किती दिवस गहू भिजवला? तीन? आन् धूळ नही, पाखरू नही, शेळी नही! माय, जागा सापडली तुले!”

“तिकडं दुकानात तांदळाच्या पापड्या हायेत, पहायच्या?”

दोघी पुतळ्यांच्या दुकानाकडे निघाल्या. बऱ्हाटे जिन्याखालचं झाकण उघडून वाकले. मी तिथंच फिरत राहिले, आणि फिरता फिरता मला एक गोष्ट जाणवली. इथं आल्यापासून मी कुणाला ‘काय?’ म्हणून विचारलं नव्हतं. बाजारात, लग्नात, एसटीत सगळे आवाज माझ्यापर्यंत एकमेकांत कालवून येतात. मग मी माणसांच्या ओठांकडे बघत बसते आणि लोकांना वाटतं, ही अशी काय बघते. इथं गर्दीच नव्हती. वेणूबाईंच्या पाटल्यासुद्धा मला चौकाच्या दुसऱ्या टोकाहून ऐकू येत होत्या. लोकांना असल्या ओसाड जागी उदास वाटतं म्हणतात. मला तिथं सतरंजी टाकून झोपावंसं वाटत होतं.

“चालत नाही, तर तेल कशाला?” मी विचारलं.

“नाही चालला तरी गंज लागतोच,” झाकणातून आवाज आला.

मग ते माझ्या नकळत उठून डावीकडे येऊन उभे राहिले असावेत, कारण एकदम माझा पदर ओढला गेला. एकदा. मी झटकन म्हटलं, “हो.”

बऱ्हाटे जरा ओशाळले. “मग चहा घेऊन निघू या. तसं इथं बघण्यासारखं काही नाहीच.”

मी मागं बघितलं. वहिनी तिथं नव्हत्याच. माझा पदर चौकात आणून ठेवलेल्या एका पुतळ्याच्या बोटात अडकला होता. व्हॅनमध्ये बसताना मी हे वहिनींच्या कानात सांगितलं, आणि त्या शहादा येईपर्यंत तोंडाला पदर लावून हसत होत्या. बऱ्हाट्यांनी विचारलेलं काय होतं ते मला नंतर कळलं. ‘कंटाळा आला का?’

शहाद्याचा गोमाई स्क्वेअर आतून बंदच होता. बाहेर एक एटीएम तेवढं चालू. म्हाताऱ्या वॉचमननं शटर अर्धं उचललं आणि आम्ही तिघं वाकून आत गेलो. आत सामानाचे खोके, दोऱ्या, गुंडाळलेल्या वायरी पडल्या होत्या. दुपारचे चार वाजले होते. वरच्या काचांमधून भरपूर उजेड येत होता आणि त्या उजेडात एक जिना उभा होता, आज बघितलेल्यांत सगळ्यांत लांब.

बऱ्हाट्यांनी किल्ली फिरवली. जिना चालायला लागला आणि आवाज आला. टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

त्यांचा चेहरा बदलला. सकाळपासून हा माणूस थोडा पाहुण्यासारखा वागत होता. आता मी तिथं आहे हेच ते विसरले. खाली कान लावला, वर गेले, वरचं झाकण उघडलं, परत खाली आले. टक्. “मागच्या वेळी नव्हता हा,” ते स्वतःशीच म्हणाले. अडचण अशी होती की मॉल रिकामा. आवाज एकदा व्हायचा आणि चारही भिंतींवरून परत यायचा. बऱ्हाटे खाली असले की त्यांना तो वरून यायचा आणि वर गेले की खालून. अर्धा तास गेला. शर्ट काळा झाला.

“आपण थोडी विश्रांती घ्यावी,” वहिनी म्हणाल्या. त्या एका खोक्यावर बसून पाय चोळत होत्या.

मलाही आवाज येत होता. पण एका कानाला आवाज येतो तेव्हा तो कुठून येतो ते कळत नाही, कधीच नाही. घरात भांडं पडलं तर मी सगळ्या खोल्या बघून येते. म्हणून आवाजाच्या मागं मी कानाऐवजी हात पाठवते. माझं पिको मशीन मला कुणी शिकवलं नाही, मीच खोलून, जोडून, सुया मोडून शिकले, आणि शिकले ती हातानं. टेबलावर तळवा ठेवला की सुई बोथट झाली, खाली दोरा अडकला, पट्टा सैल पडला, सगळं तळव्याला कळतं.

सरकत्या जिन्याच्या कडेनं साधा जिना होता. मी हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या, सरकत्या जिन्याच्या बाजूच्या पत्र्यावर तळवा टेकवला आणि एकेक पायरी चढत गेले. पत्र्यातून एकसारखी घरघर येत होती. टक् झालं, पण ते लांबून आलं. आणखी दोन पायऱ्या चढले. टक्, जवळ. नवव्या पायरीवर ते सरळ माझ्या तळव्यावर आपटलं, आतून कुणी टिचकी मारावी तसं.

“इथं आहे,” मी म्हटलं.

ते वरून खाली आले. जिना थांबवला, पत्र्याचे स्क्रू काढले आणि आत बॅटरी मारली. आतल्या रुळाच्या जोडावरचा एक नट ढिला झाला होता. पायरी त्यावरून गेली की रूळ उचलला जायचा आणि आपटायचा. ते बाहेर आले आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं सकाळपासूनचं नव्हतं.

“कसं कळलं तुम्हाला? मला दोन कान लावून सापडलं नाही.”

“शिवणकाम करते ना!” खोक्यावरून वहिनी घाईनं म्हणाल्या. “तिचा हात फार हुशार आहे. आमच्या घरातले सगळे असेच म्हणतात.”

यात खोटं काही नव्हतं. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. वहिनी मला डोळ्यांनी तेच सांगत होत्या. आणि तो माणूस इतक्या कौतुकानं बघत उभा होता, की त्या कौतुकात आणखी थोडा वेळ उभं राहावं असं मलाही वाटत होतं.

“मला डाव्या कानानं ऐकू येत नाही,” मी म्हटलं. “लहानपणापासून. एका कानाला दिशा कळत नाही, म्हणून हाताला सवय लागली. गुरुजींना आम्ही हे सांगितलेलं नाही.”

वहिनींच्या हातातली पाण्याची बाटली खाली घरंगळली. “झालं,” त्या म्हणाल्या. “झालं का समाधान? सकायपासून मी त्या डब्यायमधी बसून आली, कंबर मोडून घेतली, ती याच्यासाठी?” पुस्तकातली मराठी संपली होती.

बऱ्हाटे हत्यारांकडे वळले. त्यांनी पाना घेतला आणि पत्र्याच्या आत अंग घातलं. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. नट आवळायला किती वेळ लागतो? मी माझ्या मशिनाचे नट आवळते, मला ठाऊक आहे किती लागतो. त्यांना त्याच्या दहापट लागला. आपण काय केलं हे तेवढ्या वेळात मला पुरतं कळलं. यावलपर्यंतचा परतीचा रस्ता दिसायला लागला. मी पुढं बसणार, ते समोर बघणार आणि कुणी काही बोलणार नाही.

ते बाहेर आले. जिना सुरू केला. एक फेरा झाला, दुसरा झाला. आवाज नव्हता. नुसती एक बारीक घरघर, मांजराच्या पोटातून येते तशी. त्यांनी हत्यारांची पेटी ओढली आणि तिच्यावर बसले.

“गुरुजींनी तुम्हाला किती मॉल सांगितले?”

“सहा.”

“आज किती बघितले?”

“तीन.”

“बाकीचे तीन बंद झाले. दोंडाईचा, अमळनेर, साक्री. साक्रीच्या जागी आता कापसाचं गोडाऊन आहे. शिरपूरचं तुम्ही बघितलं. तिथं मला कुणी बोलवत नाही, मी माझ्या मनानं जातो. आणि हा,” त्यांनी चालत्या जिन्याकडे हात केला, “उद्या काढतायत. ते खोके त्याचेच आहेत. मला आज फक्त किल्ली देऊन यायचं होतं. चोपड्याचा एक राहिला, तोही रविवारपुरता.” मग जरा थांबून म्हणाले, “गुरुजी सांगतात ते चार वर्षांपूर्वीचं. ते तेवढं मी दुरुस्त केलं नाही. आज तुम्हाला फिरवताना सांगावं असं ठरवलं होतं. चोपड्याला सांगणार होतो, तिथं तुम्ही हसत होता. शिरपूरला तुम्ही कंटाळला होता.”

“मी कंटाळले नव्हते,” मी म्हटलं.

“हे गुरुजी शाळेत काय शिकवत होते?” वहिनींनी विचारलं. “इकडचं तिकडं सांगितलं नही, तिकडचं इकडं सांगितलं नही!” मग एकदम त्यांना काहीतरी सुचलं. “थांबा. उद्या काढायचा आहे ना हा? मंग आज काहून एवढा घाम गाळला? उपाशी ठेवलं आम्हाले!”

बऱ्हाट्यांनी वहिनींकडे असं बघितलं, की हा प्रश्न त्यांना खरंच कळला नव्हता.

“आवाज करत होता हो,” ते म्हणाले.

वहिनींनी घरंगळलेली बाटली उचलली. मी त्या जिन्याकडे बघत राहिले. रिकाम्या पायऱ्या एकामागून एक वर जात होत्या, अगदी सरळ, कुणी बसलेलं नसताना. उद्या सकाळी पाने-हातोडे घेऊन माणसं येणार होती आणि त्यांना हा धड, न कुरकुरणारा जिना मिळणार होता. त्यांच्या ते लक्षातही येणार नव्हतं.

वहिनी उठल्या, साडी झटकली आणि पुन्हा पाहुणचाराच्या मराठीत शिरल्या. “तर आता निघावे. आमचे उत्तर गुरुजींकडून कळवू. आपलेही कळवावे.” आमच्यात असंच असतं. बघितलेल्या माणसाला तोंडावर होकार नाही की नकार नाही. दोन दिवसांनी तिसराच माणूस येऊन सांगतो.

बऱ्हाट्यांनी मान हलवली. उठून जिना बंद करायला निघाले.

“शिलाई मशीनची मोटर उघडलीय कधी?” मी विचारलं.

ते थांबले. “नाही.”

“माझ्याकडे तीन मशिनं बंद पडून आहेत. बाजारात आणखी दहा-पंधरा तरी असतील. दुरुस्तीला भुसावळला न्यावी लागतात, आणि तिथला कारागीर नेल्यापेक्षा वाईट करून देतो.”

“शिकायला किती दिवस लागतील?”

“मला दीड वर्ष लागलं. पण मला सांगणारं कुणी नव्हतं. तुम्हाला मी आहे.”

त्यांनी हात पुसायला फडकं घेतलं. हात आधीच पुसलेले होते. “मोटर लहान असते ना? माझी बोटं जाड आहेत.”

“चिमटा देईन.”

“उजेड आहे का दुकानात?”

“सकाळी आहे. दुपारनंतर दिवा लावावा लागतो.”

“कोके,” वहिनी मधेच म्हणाल्या. त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “तू या मानसाले नवरा म्हनून हो म्हनून राह्यली, का कारागीर म्हनून ठेवून राह्यली? घरी गेल्यावर तुझा दादा दारातच विचारीन. मले काय ते एक सांग.”

मी बऱ्हाट्यांकडे बघितलं. तेही माझ्याकडेच बघत होते, आणि वहिनींइतक्याच अडचणीत दिसत होते.

“दोन्ही सांगा,” मी म्हटलं.

वहिनी खोक्यावर परत बसल्या आणि गजाननाचं नाव घेतलं, या वेळी धड हसणंही नाही आणि रडणंही नाही अशा आवाजात. बऱ्हाट्यांनी किल्ली फिरवली. जिना थांबला, अगदी हळू, शेवटची पायरी सपाट होऊन. किल्ली त्यांनी वॉचमनच्या हातात दिली आणि पेटी उचलून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“कधी येऊ मग?”

“मंगळवारी या,” मी म्हटलं. “सोमवारी आमचा बाजार बंद असतो.”

ते सोमवारीच आले.